ओला फडका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रोह्याला माझी बहीण आहे, तिच्यापाशी मी काहीही बोलते — तिलाही नाही. इथे पेणजवळ जोह्यात ज्या शेठकडे मी कामाला आहे त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वयनी म्हणतो. तिच्या हातचं जेवून मी माणसात आले — तिलाही नाही. देवाला म्हणाल, तर देव माझ्या चारी बाजूंना उभे असतात. गणपतीचा कारखाना आहे. कुणाला अजून रंग नाही, कुणाला हात नाही, बऱ्याच जणांना डोळे नाहीत. ज्यांना डोळे नाहीत त्यांच्यापुढे तरी बोलून टाकावं, असं एकदोनदा मनात आलं. नाही बोलले.

तुम्हाला सांगते. नीट सांगता येईल, एवढी मला खात्री आहे. शाळा आठवीत सुटली, पण बोलण्यात मी कमी नाही. उलट, बोलता येतं म्हणूनच हे घडलं. माझं बोलणं लोकांना पटतं. त्यातच सगळं आलं.

माझं गाव वाशीमच्या पलीकडे. इथून इतकं लांब, की सुरुवातीला समुद्राचा खारा वास आला की मला वाटायचं, कुणाच्या तरी घरात काही नासलंय. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची दुसऱ्या गावात. तिथे मी वर्षभरही गेले नाही. बहीण रोह्याला दिलेली, तिचा नवरा टेम्पो चालवतो. तिने मला बोलावून घेतलं आणि धाटावला एका कंपनीत पॅकिंगला लावून दिलं. ठेकेदाराची माणसं आम्ही. बसने जायचं, बसने यायचं, आणि दिवसभर पांढरी पावडर पिशव्यांत भरायची.

साधी पावडर नव्हती ती. नॅनो म्हणायचे. तिथे सेफ्टीचे एक साहेब होते, त्यांना समजावून सांगायची फार हौस. एकदा त्यांनी पॅकिंगची खोली बंद केली, दिवे घालवले आणि टॉर्च लावली. उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगताना दिसली. आम्ही बाया "अगं बाई" म्हणून मागे सरलो. साहेब म्हणाले, "ही दिसतेय ना, हिला भिऊ नका. ही नाकात अडकते, शिंकरली की जाते. जी दिसत नाही, तिला भ्या." मग त्यांनी स्वतःच्या डोक्याचा एक केस उपटला. म्हणाले, हा उभा हजार वेळा चिरलात, तर त्यातला एक पदर होईल तेवढा या पावडरीचा कण. तो खोकला आणत नाही, आग करत नाही. गुपचूप छातीच्या तळाशी जाऊन बसतो. पुढे काय करतो? साहेब म्हणाले, हे जगातल्या मोठ्या लोकांनाही अजून पुरतं माहीत नाही. पण उंदरांच्या छातीत जे दिसलं ते चांगलं नाही.

एका बाईने विचारलं, आम्ही तोंडाला फडका बांधतो, तो चालेल का?

साहेब हसले. म्हणाले, मासे धरायच्या जाळ्याने डास अडतो का?

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

यासाठी वेगळे मास्क असतात — रबराचे, दोन्ही गालांवर गोल डब्या, डब्यांत फिल्टर. कंपनीत ते होते. पण मोजके, आणि ते कायम कामगारांना. आम्ही मागायला गेलो तर सुपरवायझर म्हणाला, तुमचं तुमच्या ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, फडका बांधा. आम्ही फडका बांधला. ओला करून बांधला, म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटायचं. जाळं पाण्यात बुडवलं म्हणून डास अडत नाही, हे कळत होतं. तरी बांधायचो.

तेव्हापासून माझ्या छातीत एक भीती बसली ती बसलीच. मी घाबरट आहे, हे मी लपवत नाही. रात्री कुशीवर वळून स्वतःचा श्वास ऐकायचा, जिना चढताना मोजायचं आज कितव्या पायरीला दम लागला — ही माझी सवय. कंपनीचं ते खातं बंद झालं आणि आम्हाला काढलं, तेव्हा बहीण रडली. मी आतून सुटले.

तिच्या शेजारणीचं माहेर इकडचं, तिच्या ओळखीने मी जोह्याला आले. शेठने काहीएक न विचारता ठेवून घेतलं. वयनीने माडीवरची खोली दिली. पहिल्या दिवशी मी विचारलं, "या मूर्तीला हात काऊन नाही?" — तेव्हापासून कारखान्यात माझं नावच काऊन पडलं. डोळे आखणारा पांडूदादूस अजून विचारतो, "काय गो काऊन, जेवलीस का?" मी मुकुटाला खडे लावायला शिकले. माझं टेबल पुढच्या दाराशी, खाडीवरून वारा येतो तिथे. इतकं सुख मला आधी मिळालं नव्हतं. हे मुद्दाम सांगते. पुढे जे येतं ते मी दुःखात केलेलं नाही. सुखात असताना केलं.

आमच्याकडे वर्षं गणपतीने मोजतात. चार गणपतींपूर्वीची गोष्ट. पेणचा एक रंगाचा दुकानदार नवी पावडर घेऊन आला. रंगात चिमूटभर मिसळली की मूर्तीच्या अंगावर मोत्यासारखं तेज येतं, आतून दिवा लावल्यासारखं. शेठने नमुन्याला एक मूर्ती केली आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाने तशाच सगळ्या मागितल्या. दुकानदार शेठला सांगत होता, "हे नॅनो आहे शेठ, नॅनो. लई बारीक." मी खडे लावत होते. माझ्या हातातला खडा खाली पडला.

पावडर महाग. आणि खाडीकाठची दमट हवा, तिच्या गुठळ्या व्हायच्या. म्हणून रोज मलमलीच्या कपड्यातून चाळावी लागे. चाळायची तर वाऱ्यात नाही, उडून जाते. मागच्या पडवीत बसायचं, दार लावायचं, खिडकीला पोतं लावायचं, पंखा बंद. शेठ म्हणायचे, "वारा लागला की पैसा उडला." यात त्यांचा कंजूषपणा नव्हता. पावडर जपायची ही रीतच होती, दुसऱ्या कारखान्यांतही तशीच. फक्त जे वाऱ्यावर उडायचं ते मग त्या बंद पडवीत, चाळणाऱ्या बाईपाशी राहायचं.

चाळायला हिरा होती.

हिरा वरच्या आदिवासी वाडीतली. माझ्याच वयाची असेल, पण तिला सून आली होती. तिचं आईबापांबरोबर वीटभट्टीवर फिरण्यात बालपण गेलं, शाळा मुळीच नाही. तिच्यापुढे मी शिकलेली. डोंगरातून येताना ती माझ्यासाठी करांद्याचे उकडलेले कंद आणायची, पावसात शेतातले मुठे आणायची. मी खेकड्यांना भ्यायची, तर तो जिवंत मुठा माझ्या टेबलावर सोडून पळायची. "बग, तुझा गाववाला आलाय," म्हणायची.

दुकानदाराने दुसऱ्या ड्रमासोबत मास्क पाठवले. चार. धाटावला लांबून पाहिलेले, अगदी तसेच. वयनीने ते स्टीलच्या ताटात मांडून आणले. आमच्याकडे नवा कंप्रेसर आला तरी त्याला हळदकुंकू लागतं, मग मास्क कसे सुटतील? प्रत्येकाला नाकाच्या जागी तिने हळदकुंकवाचं बोट टेकवलं. पांडूदादूस म्हणाला, "वयनी, अक्षता पन टाका, लगीन लावून देऊ यांचा."

आता इथली एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईक मूर्ती सांगायला येतं तेव्हा घरचा पाट आणि नारळ घेऊन येतं. नारळ फुटतो आणि खोबरं वाटतात, ते मानाने. पहिला तुकडा डोळे आखणाऱ्याला, कारण देवाला नजर तो देतो. मग गनने रंग मारणारे दोघे. मग साच्यावाले. मग आम्ही खडेवाल्या. मागच्या पडवीतल्या बाया सगळ्यांत शेवटी. खोबऱ्यात त्याने काही बिघडत नाही, शेवटच्या तुकड्याचीही चव तीच असते. ताट समोर आलं की आमचे हात त्याच क्रमाने पुढे होतात. कुणी शिकवावं लागत नाही.

मास्कचंही तेच झालं. पहिला पांडूदादूसला. तो पुढच्या खोलीत बसतो, हातात ब्रश, तिथे पावडरीचा कणही नाही. पण मान त्याचा. दुसरा, तिसरा गनवाल्यांना — त्यांना खरंच हवा होता. साच्यावाल्यांचं काम ओलं, त्यांनी नको म्हटलं. उरला एक.

शेठ थांबले. रीतीने तो आम्हा खडेवाल्यांकडे यायचा. पण शेठना तेवढी समज आहे, त्यांना वाटलं विचारावं. सगळ्यांसमोर म्हणाले, "मंदे, तू कंपनीतली. तुला कळतं यातलं. हा कोनाला द्यायचा, तूच सांग."

कुणाला? सगळ्या कारखान्यात हे एका माणसाला बरोबर माहीत होतं, आणि शेठने नेमकं त्याच माणसाला विचारलं. हिरा दारात उभी होती. हातात चाळणीचं कापड. भुवयांवर चकाकी.

मी म्हणाले, "ड्रम मी उघडते, पावडर मी मोजून देते. माझ्याकडे असू द्या."

खोटं नव्हतं. ड्रम मीच उघडायची. सकाळी एकदा झाकण काढायचं, वाटीने मोजायचं, झाकण लावायचं. एक भजन संपायलाही जास्त वेळ लागतो. मग मी माझ्या वाऱ्याच्या दारात आणि हिरा त्या पावडरीबरोबर बंद पडवीत, संध्याकाळपर्यंत.

हिराने विचारलं, "आनी मना गो?"

तक्रार नव्हती त्यात. खोबऱ्याच्या वेळी विचारायची तसंच. ताट रिकामं झालं का, एवढंच.

आणि मी — इथपर्यंत येताना मी किती वळसे घेतले, तुमच्या लक्षात आलंच असेल — मी म्हणाले, "तुला ओला फडका. घट्ट पिळून नाकातोंडाला बांध. ओला फडका या डबड्यापेक्षा बरा. धाटावला आम्ही तेच बांधायचो."

बांधायचो. शब्दन् शब्द खरा. म्हणूनच तो इतका छान बसला. शेठची मान हलली, वयनीला बरं वाटलं. पांडूदादूस माझ्याकडे बघून म्हणाला, "बरा झाला, काऊनला मास्क मिळाला. आता हिचा बोलना गाळून येल." सगळे हसले. हिरा सगळ्यांत जास्त हसली.

पांडूदादूसने तो मास्क दोन दिवसही घातला नाही. श्वासाने चष्म्यावर वाफ धरायची. त्याने तो खिळ्याला टांगला आणि वर झेंडूची माळ घातली. म्हणजे एक मास्क सगळा हंगाम भिंतीवर पूजा घेत होता. मी रोज त्याच्याखालून जायची. तो काढून हिराला द्यायला काय लागलं असतं? पण दिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, "अगो, ओला फडका बरा ना?" मग मला माझंच वाक्य परत घ्यावं लागलं असतं. म्हणून तो खिळ्यालाच राहिला.

हिरा माझं सांगणं अगदी नेमाने पाळायची. बादलीत फडका बुडवायची, पिळायची, बांधायची. सुकला की पुन्हा भिजवायची. त्या फडक्याला मोत्याचा रंग चढला. एका संध्याकाळी तिने बाहेर येऊन पदरात नाक शिंकरलं आणि पदर मला दाखवला. चकचकत होता. म्हणाली, "बग गो मंदाताई, माज्या नाकात गनपतीचा मुकुट." मीही हसले. टॉर्चवाल्या साहेबांचा आवाज कानात होता — दिसते तिला भिऊ नका. दिसत होती ती पदरावर आली होती. दिसत नव्हती ती कुठे होती?

इथे थांबता आलं असतं. एक मास्क होता, जीव घाबरला, आपल्याला घेतला — एवढंच सांगितलं तर तुम्ही कदाचित म्हणाल, माणूस आहे, होतं. मलाही पुष्कळ दिवस वाटायचं की माझी चूक एवढीच. ती एवढी नाही.

दुसऱ्या गणपतीनंतर हिराला कोरडा खोकला लागला. वाडी चढताना ती मधल्या आंब्याखाली बसायला लागली. आधी म्हणायची, आंब्याची सावली चांगली. मग सावली नसतानाही बसायला लागली. डोक्यावरचा हंडा तिने सुनेकडे दिला. वयनीने मला सांगितलं, "मंदे, तू शिकलेली, तिला पेणला डॉक्टरकडं घेऊन जा. तिला काय कळनार नाय त्यांचा बोलना." मी गेले. एसटीत हिराने खिडकी मला दिली. मला गाडी लागते, हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टर चांगले होते. घाईत नव्हते. छाती तपासली, फोटो काढला. एकेक विचारत गेले. चुलीवर स्वयंपाक करता? करते. विडी? कधीमधी. आधी काय काम करायच्या? वीटभट्टी. आणि आता?

"गनपतीच्या कारखान्यात."

"धूळ असते तिथे?"

"असते, पन आमी ओला फडका बांधतो," हिरा म्हणाली. किती ऐटीत म्हणाली. माझ्याकडे हात केला. "ही ताई कंपनीतली हाय. तिनी शिकवला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "छान. चांगलं केलंत तुम्ही."

आणि मी मान हलवली.

ही ती गोष्ट. मास्क नव्हे. ही मान. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, पेन हातात होतं, लिहायला तयार होतं. मला त्या पावडरीचं नाव पाठ होतं, मी रोज ते ड्रमावर वाचत होते. बंद पडवी, लावलेलं पोतं, बंद पंखा, दोन हंगाम — एवढं सांगायचं होतं. दोन वाक्यं. ज्या तोंडाने सगळ्या कारखान्याला पटवलं, ते तोंड तिथे उघडलं नाही. कारण ते उघडलं असतं तर हिराला, तिथेच, त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं असतं की मला माहीत होतं.

डॉक्टरांनी चुलीचा धूर आणि भट्टीची धूळ धरून औषधं दिली. कामाचं काय, असं हिराने विचारलं. ते म्हणाले, फडका बांधताय ना, मग हरकत नाही. जपून करा.

तिने अजून एक गणपती चाळला.

परत येताना स्टँडवर तिने मला उसाचा रस पाजला. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "तू व्हतीस म्हनून. मी एकली काय बोलनार व्हते."

आता तुम्ही विचाराल — आणि मीही हेच स्वतःला विचारत आले — की तिची छाती पावडरीने गेली, हे कशावरून? चूल होतीच. भट्टी होतीच. साहेबच म्हणाले होते, मोठ्यांनाही पुरतं माहीत नाही. खरं आहे. मला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. या 'माहीत नाही'च्या आड मी इतकी वर्षं काढली, आणि ती जागा चांगली उबदार आहे, कुणी तिथून हलवत नाही. पण एक प्रश्न मी टाळत होते. मला माहीत नव्हतं, तर मी मास्क कशाला घातला? रोज सकाळी, झाकण काढायच्या आधी, दोन्ही पट्टे ओढून, गालाला फट राहिली नाही ना हे बोट फिरवून बघायची. स्वतःपुरतं मला पुरेसं माहीत होतं. हिरापुरतंच ते अर्धवट होतं.

मला कंपनीत मास्क मिळाला नाही म्हणून मी असं केलं, असंही मी म्हणणार नाही. उलट, रिकाम्या हाताने परत येताना कसं वाटतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून केलं. शेठ-वयनीवर मी काही ढकलणार नाही, त्यांचं मी खाल्लंय. त्यांनी तर विचारलं होतं. रीतीवरही ढकलणार नाही. तीन मास्क रीतीने गेले. चौथ्यासाठी शेठने रीत थांबवली होती, मला विचारायला.

हिराने काम सोडलं. आता ती वाडीतच असते. अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात तारीख असते तेव्हा मीच बरोबर जाते, वयनी मला भरपगारी सोडते. मधे एक वर्ष ती पावडर बाजारात आली नाही आणि मी मनात देवाचे आभार मानले. यंदा परत आली. यंदा कारखान्याचं आतलं सगळं मीच बघते. शेठ थकले. कुणाला कुठे बसवायचं, कुणाला काय द्यायचं, ते माझ्याकडे.

परवा हिराची सून आली, साळू. सासूची जागा मागायला. पडवीच्या दाराशी उभी राहिली. मी काही सांगायच्या आत तिने कमरेचा फडका काढला, बादलीत बुडवला, घट्ट पिळला आणि नाकातोंडाला बांधला. वरची गाठ कानामागे, खालची मानेवर — हिरा बांधायची तशीच. फडक्याआडून म्हणाली, "सासूनी शिकवला. सुकला का परत भिजवायचा. तुमचाच हाय ना तो, ताई?"

माझाच.

मी तिला म्हणाले, आज पावडर नाही, खड्यांना बस. तेही खोटं. ड्रम आदल्या दिवशीच आला होता. पडवीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला आहे. शेठने विचारलं, चाळायचं का थांबलं? मी म्हणाले, सोमवारनंतर सांगते. त्यांनी मान हलवली. माझं बोलणं लोकांना पटतं, सांगितलं ना.

उद्या रविवार, कारखाना बंद. मी वाडीवर जाणार आहे. हिराला काय सांगायचं ते ठरलं आहे: ओला फडका काही अडवत नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. एवढंच. 'पण' नाही, 'म्हणून' नाही. मी जीव घाबरल्याचं सांगणार नाही, ते तिला ऐकवण्याचा मला हक्क नाही. मग ती काय करेल? हाकलेल, शिव्या देईल, गप्प बसेल. कदाचित हसेल — आणि तेच सगळ्यांत वाईट होईल. साळू समोर असेल. असू दे. तिनेही ऐकायला हवं.

सोमवारी अलिबागची तारीख आहे. ती मला बरोबर येऊ देईल की नाही, माहीत नाही. येऊ दिलं नाही, तर मी मागच्या गाडीने जाईन आणि डॉक्टरांच्या दाराबाहेर उभी राहीन. ड्रमावरचं नाव मी कागदावर उतरवून घेतलं आहे. पिशवीत मास्कही ठेवला आहे. रबर आता कडक झालंय, पण वयनीच्या बोटाची हळद नाकाच्या जागी अजून आहे, पिवळट, बारीकशी. डॉक्टर हातात घेऊन विचारतील, हा कुणाचा?

मी सांगेन — हा एकच उरला होता. हिला द्यायचा होता. मी घातला.